सीमाभागाचे सवालजबाब : एक प्रस्तावना

निपाणीच्या बाजारपेठेतून सकाळी वह्यापुस्तके घेऊन देवचंद महाविद्यालयाकडे निघालेला विद्यार्थी अर्जुननगरला पोहोचेपर्यंत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. त्याचे घर कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, त्याचा वर्ग महाराष्ट्रातील कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, आणि घरापासून वर्गापर्यंतच्या वाटेवर कानी पडणारी भाषा मात्र एकच. त्याला या सीमेचे विशेष काही वाटत नाही, कारण ती त्याच्या जन्माआधीपासून तेथे आहे; परंतु त्याच विद्यार्थ्याच्या आजोबांना घराच्या उताऱ्यासाठी कचेरीत जावे लागले, म्हणजे हातात पडलेल्या कागदावरील अक्षर आपल्याला लागत नाही, हे कळल्याबरोबर तीच सीमा त्यांच्यापुढे भिंतीसारखी उभी राहते. ज्या मुलखात माणसाची बोली आणि सरकारी दफ्तराची भाषा यांची अशी फारकत झाली आहे, त्या मुलखात वर्तमानपत्र हे केवळ वार्ता पुरविणारे साधन राहू शकत नाही. त्याला दुभाष्याचे, वकिलाचे आणि प्रसंगी साक्षीदाराचेही काम अंगावर घ्यावे लागते. सीमाभागातील मराठी वृत्तपत्रांनी हे काम कसे केले आणि राज्यकर्त्यांना कोणते प्रश्न विचारले, हा या संग्रहाचा विषय आहे.

देशोदेशी गेलेल्या लोकांनी परमुलखात आपल्या भाषेची वृत्तपत्रे काढली, निवडणुकीच्या वेळी उमेदवारांना आपल्या वस्तीत बोलावून जाब विचारला आणि नव्या देशाच्या कारभारात आपल्या समाजाला जागा मिळवून दिली, असा इतिहास जगात पुष्कळ ठिकाणी घडला आहे. आपल्या सीमाभागाची कथा त्याच जातीची असूनही तिच्यात एक मूलगामी फरक आहे. येथला मराठी माणूस कोठून आला नाही, की कोठे गेला नाही. घर जागच्या जागी राहिले आणि उंबरठा तेवढा हलला. मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागाचे ठाणे असलेले बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेले. जिल्ह्यातील एकटा चंदगड तालुका त्यातून वगळला जाऊन पुढे महाराष्ट्रात राहिला, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी माणूस एका रात्रीत आपल्याच गावी भाषिक अल्पसंख्य झाला. तेव्हापासून १ नोव्हेंबर हा दिवस येथे काळा दिन म्हणून पाळला जातो, आणि त्याच वर्षीच्या १७ जानेवारीस, बेळगाव म्हैसूरला देण्याची घोषणा झाल्यावर उसळलेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांना दरवर्षी हुतात्मा चौकात अभिवादन केले जाते. स्थलांतरिताला निदान इतके तरी माहीत असते की आपण परक्या दारी उभे आहोत. स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला परकेपण प्राप्त झाले, तर त्याने कोणाकडे दाद मागावी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच येथील वृत्तपत्रांची सत्तर वर्षे गेली आहेत.

या भूमीत वृत्तपत्र आणि राजकारण यांचे नाते मुळातच निकटचे आहे. १९१६च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात, आणि टिळकांमधील संपादक व पुढारी यांना वेगळे करणे कोणालाच साधलेले नाही. १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी याच शहरात ‘तरुण भारत’ सुरू केला. स्वातंत्र्याच्या चळवळीत जन्मलेले हे पत्र पुढे सीमालढ्याचे मुखपत्र झाले आणि त्याचे संस्थापक त्या लढ्याचे अग्रणी. बहुजनसमाजाच्या बाजूने लेखणी चालविणारे शामराव देसाई यांना लोक ‘राष्ट्रवीरकार’ म्हणूनच ओळखू लागले, म्हणजे माणसाचे नाव आणि पत्राचे नाव एक होऊन गेले. मराठी साहित्य संमेलनाच्या इतिहासातही हीच खूण आढळते. १९२९ साली बेळगावच्या संमेलनाचे अध्यक्षपद ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्याकडे होते, आणि १९४६च्या मे महिन्यात ज्या बेळगाव संमेलनातून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला संघटित रूप आले, त्याचे अध्यक्ष होते नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक गजानन त्र्यंबक माडखोलकर. दोन्ही वेळा या शहराने अध्यक्षस्थानी संपादक बसविला, याला मी योगायोग मानीत नाही. शब्द आणि सत्ता यांचा झगडा जेथे रोजचा असतो, तेथे साहित्यिकाहूनही संपादक लोकांना जवळचा वाटतो.

न्यायाने येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कन्नड भाषेतील ‘संयुक्त कर्नाटक’ हे पत्र हुबळीला जाण्यापूर्वी बेळगावातच निघत होते. म्हणजे दोन भाषांच्या दोन आकांक्षा एकाच शहराच्या छापखान्यांतून बाहेर पडत होत्या. कन्नड माणसाला आपल्या विखुरलेल्या प्रदेशांचे एक राज्य व्हावे असे वाटणे हे जितके स्वाभाविक होते, तितकेच मराठी माणसाला आपल्या राज्यात राहावेसे वाटणेही स्वाभाविक होते. ही गोष्ट ज्याने मनोमन मान्य केली नाही, त्याला सीमाप्रश्नावर लिहिण्याचा अधिकार नाही, असे माझे मत आहे. कारण शेजाऱ्याच्या प्रेमाला द्वेष समजणारा मनुष्य स्वतःच्या प्रेमाचीही नीट मांडणी करू शकत नाही.

१९५६नंतर परिस्थिती पालटली ती अशी की, पूर्वी ज्या राज्यकर्त्याशी भांडायचे तो निदान संपादकाचे पत्र वाचू शकत होता. आता मराठी मतदाराने निवडून दिलेला आमदार बंगळूरच्या ज्या सभागृहात बसला, तेथे त्याची भाषा सहकाऱ्यांना कळेना आणि सहकाऱ्यांची त्याच्या मतदाराला. मुंबईच्या सभागृहात त्याची भाषा कळत होती, पण तेथे त्याला मत नव्हते. दिल्लीला दोन्ही ऐकू येत होते, आणि म्हणूनच दिल्लीला कोणतेही एक ऐकण्याची घाई नव्हती. अशा त्रिस्थळी यात्रेत सीमाभागाच्या वृत्तपत्राला तीन निरनिराळ्या राज्यकर्त्यांशी तीन निरनिराळ्या रीतींनी बोलावे लागले. बंगळूरपुढे हक्काची भाषा लागे, मुंबईपुढे आठवणीची आणि दिल्लीपुढे घटनेची. या तिन्ही भाषांचा सांभाळ करताना कित्येकदा संपादकांची दमछाक झाली, कित्येकदा एकाशी बोलावयाचे शब्द दुसऱ्यापुढे उच्चारले गेले आणि काम बिघडले. संग्रहातील कात्रणे क्रमाने वाचणाऱ्याला ही ओढाताण पानोपानी जाणवेल.

सीमेच्या मोठ्या प्रश्नाचा आलेख येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, या चार तत्त्वांवर सीमा आखावी, ही महाराष्ट्राची भूमिका आंध्र व मद्रास यांच्या तंट्यात पाटसकरांनी वापरलेल्या सूत्राचा आधार घेऊन उभी राहिली. १९६६ साली सेनापती बापटांनी उपोषण केले, त्यानंतर केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला, आणि १९६७ साली आलेल्या त्याच्या अहवालाने निपाणी महाराष्ट्राला व अक्कलकोट-जत कर्नाटकाला देऊन बेळगाव शहर होते तेथेच ठेवावे असे सुचविले. हा अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला, कर्नाटकाने तोच अंतिम मानला, आणि अंमल कोणत्याच बाजूने झाला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि २०१४च्या १ नोव्हेंबरला शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. २०२२च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली, आणि त्याच महिन्यात दोन्ही विधिमंडळांनी परस्परविरुद्ध ठराव केले. महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा दावा पुन्हा उच्चारला गेला. इतक्या वर्षांत ठराव, आयोग, दावे, बैठका यांची रास पडली, आणि या राशीखाली जी गोष्ट दबली तीच मला या प्रस्तावनेत वर काढावयाची आहे.

ती गोष्ट अशी की, मोठा प्रश्न न्यायालयात थांबू शकतो. रोजचा प्रश्न थांबू शकत नाही. सीमाभाग कोणाकडे जाईल हे ठरेपर्यंत मूल शाळेत जाण्याचे राहत नाही, जमिनीची वाटणी राहत नाही, नोटिशीची मुदत राहत नाही.

माझ्या बालपणातील एक प्रसंग सांगितला तर हे म्हणणे स्पष्ट होईल. आमची एक आत्या विधवा होती आणि तिची दीड एकर जमीन होती. एके दिवशी सरकारी शिक्क्याचा कागद घेऊन ती आमच्या दारी आली आणि म्हणाली, “काय लिवलंय रे ह्यात? मी काय हे वाचतो व्हय?” आमच्या घरात तो कागद कोणालाच वाचता आला नाही. वडील तिला घेऊन एका छोट्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. तेथील कन्नड जाणणाऱ्या जुळाऱ्याने खिळे बाजूला ठेवून कागदाचा तरजुमा सांगितला, तेव्हा कळले की हरकत घेण्याची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती. आत्या रडली नाही. तिने तो कागद नीट घडी घालून पदराच्या गाठीत बांधला. वृत्तपत्र म्हणजे काय याचा माझा पहिला धडा त्या कचेरीत झाला; पुढे कितीही अग्रलेख वाचले, तरी ती गाठ माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

त्या कागदाबरोबर मराठी प्रत असावयास हवी होती, हे काही आत्याने मागितलेले दान नव्हे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेबरोबरच केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्यांच्या संरक्षणाचे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात जेथे अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण १५ ते २० टक्के आहे तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असतील तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा संकेत तर त्याहून जुना, १९४९ सालच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतला. घटनेचे अनुच्छेद ३५०-क आणि ३५०-ख सातव्या घटनादुरुस्तीने आले. पहिल्याने मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्यांसाठी खास अधिकारी नेमण्याची तरतूद केली, आणि त्या आयुक्तालयाचे एक विभागीय कार्यालय बेळगावातच होते. असे असता १९८० नंतरच्या काळात कन्नडसक्तीच्या धोरणाने शाळेचा प्रश्न पेटला, आणि १९८६च्या जूनमधील आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मेली. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देत उभे आहे. कायद्यातील एक वाक्य अंमलात न येण्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते, हे ज्या वार्ताहराने जवळून पाहिले, त्याने पुढे मंत्र्याला प्रश्न विचारताना त्या वाक्याचा आकडा पाठ ठेवला नाही, तर त्याने आपल्या पेशाशी प्रतारणा केली असे म्हटले पाहिजे.

येथे मी वृत्तपत्रांच्या एका दोषाकडे वळतो. तो आपला आहे म्हणून सांगितलाच पाहिजे. सीमाभागात पत्र आणि चळवळ यांचे रक्त एक असल्यामुळे पत्रकाराने सभेत बसावे कोठे, व्यासपीठावर की समोर, हा प्रश्न कधीच नीट सुटला नाही. परपक्षाच्या मंत्र्याला धारेवर धरणाऱ्या लेखणीने स्वपक्षाच्या उमेदवाराला मात्र हार घातला. सीमालढा चालविणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीत फूट पडली, एकाच मतदारसंघात दोन-दोन मराठी उमेदवार उभे राहिले, आणि त्या फुटीची कारणे विचारण्याऐवजी पत्रे आपापल्या गटाची झाली. २०१३ साली समितीचे दोन आमदार कर्नाटकाच्या विधानसभेत होते. २०१८ मध्ये एकही निवडून आला नाही, आणि २०२३ मध्येही नाही. या पराभवाचे खापर केवळ बंगळूरवर फोडणे सोपे आहे. पण निवडून आलेल्या आमदाराने किती वेळा सभागृहात शिक्षकभरतीचा प्रश्न मांडला, किती परिपत्रकांचा मराठी तरजुमा मिळविला, किती ग्रामपंचायतींना मराठी दाखले मिळवून दिले, याचा वार्षिक ताळेबंद आपण वाचकांपुढे ठेवला असता, तर मतदाराची निष्ठा केवळ घोषणेवर टांगलेली राहिली नसती. आपल्या माणसाला विचारलेला कठोर प्रश्न ही आपल्या माणसाची खरी सेवा असते.

दुसरा दोष असा की, भाषेच्या प्रश्नाने आपण इतर सगळे प्रश्न झाकून टाकले. निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथील वखारींत तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्या बायकांच्या खोकल्याला भाषा नसते. १९८१च्या वसंतात शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून भाव मागितला, आणि पोलिसांच्या गोळ्यांनी शेतकरी मारले गेले. त्या रस्त्यावर मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी खांद्याला खांदा लावून बसले होते. सीमाभागाच्या पत्रकाराला हा प्रसंग सदैव ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण भाषेचा लढा लढणाऱ्याने पोटाचा लढा विसरला तर शेवटी भाषा बोलणारेच उरत नाहीत. येळ्ळूरच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य’ असा फलक २०१४ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने काढला गेला आणि गावात लाठीमार झाला, त्याच्या बातम्या आपण ठळक अक्षरांत दिल्या, आणि त्या द्यावयासच हव्या होत्या. पण त्या फलकाच्या आतील गावात पिण्याचे पाणी, शाळेतील शिक्षक आणि आरोग्यकेंद्रातील डॉक्टर यांचे काय, हा प्रश्नही त्याच ठळक अक्षरांत विचारला जावयास हवा.

परदेशातील एका उदाहरणाने मला या बाबतीत पुष्कळ शिकविले. दक्षिण टायरोल हा जर्मनभाषक डोंगराळ प्रांत पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. तेथेही माणसे हलली नाहीत, सीमा हलली. फॅसिस्ट राजवटीने जर्मन शाळा बंद केल्या, तेव्हा मिखाएल गाम्पर या धर्मगुरूने, जो तेथील जर्मन पत्रसृष्टीचा प्रमुख होता, घराघरांत चोरून चालणाऱ्या शाळांचे जाळे उभारले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली ऑस्ट्रिया व इटली यांच्यात करार झाला, १९७२ साली स्वायत्ततेचा विस्तृत कायदा आला, आणि १९९२ साली तंटा विधिवत मिटला. सीमा अखेरपर्यंत बदलली नाही. परंतु शाळा, कचेरी, न्यायालय आणि नोकरी यांतील भाषेचा हक्क कलमवार लिहिला गेला आणि अंमलातही आला. आपला दावा निराळा आहे आणि तो सोडावा असे मी म्हणत नाही. मी इतकेच म्हणतो की, मोठ्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत लहान हक्काची वसुली पुढे ढकलली, तर निकालाच्या दिवशी तो ऐकून आनंदित होणारी, मराठीत शिकलेली मुलेच गावात शिल्लक नसतील.

हा संग्रह उपयुक्त ठरेल तो या दृष्टीने. यात अग्रलेख आहेत, मंत्र्यांना दिलेली निवेदने आहेत, उमेदवारांच्या मुलाखती आहेत, शिष्टमंडळांचे वृत्तांत आहेत. त्यांतील काही लेखन आवेशाचे आहे आणि त्या आवेशाबद्दल कोणी माफी मागण्याचे कारण नाही. पण माझ्या मते या पुस्तकाचे धन दुसरीकडे आहे. ज्या जुन्या उपसंपादकाने ही कात्रणे चाळीस वर्षे वह्यांत चिकटवून ठेवली, त्याने प्रत्येक आश्वासनाच्या बातमीशेजारी समासात पेन्सिलीने एक तारीख टाकली आहे. शाळेला शिक्षक देऊ असे मंत्री म्हणाले ती तारीख. सहा महिन्यांनी पत्राने पुन्हा विचारले ती तारीख. आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी दोनच शब्द : ‘उत्तर नाही.’ क्वचित कोठे ‘दोन शिक्षक आले’ अशी नोंद आहे, आणि ती वाचताना एखादी लढाई जिंकल्याचा आनंद होतो. संपादकांनी या समासातील नोंदी जशाच्या तशा छापल्या, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. कारण पाठपुरावा या शब्दाचा अर्थ मला या पेन्सिलीच्या अक्षरांतून जसा उमगला तसा कोणत्याही शब्दकोशाने सांगितला नसता.

जो तरुण वार्ताहर हे पुस्तक हाती घेईल, त्याला माझी एक विनंती आहे. त्याने कन्नड उत्तम शिकावी. त्यात पराभव नाही, कारण ज्याला हुकूम वाचता येतो त्यालाच हुकुमातील चूक दाखविता येते, आणि शेजाऱ्याची भाषा जाणणाऱ्याच्या तक्रारीला शेजारीही कान देतो. त्याने मुंबईहून आलेल्या पाहुण्या पुढाऱ्याला भाषणाबद्दल टाळी देण्यापूर्वी मागच्या भाषणातील वचनाचे काय झाले ते विचारावे. त्याने बंगळूरच्या मंत्र्यापुढे आवाज न चढविता अनुच्छेदाचा आकडा ठेवावा, आणि आपल्या गावच्या पुढाऱ्यापुढेही तेच करावे. मग कचेरीत परत येऊन त्याने समासात तारीख लिहावी. माझ्या आत्याचा कागद मुदतीच्या चार दिवस उशिरा वाचला गेला. तिचे नातू आता त्याच गावात राहतात, आणि त्यांच्या दारातही असे कागद येतच असतात. ते मुदतीच्या आत वाचले जावेत, एवढ्यासाठी कोणीतरी सायंकाळी कचेरीचा दिवा लावून बसले पाहिजे.

बेळगाव,
हुतात्मा दिन, १७ जानेवारी